पवई तलावाकाठी राहायला जायचंय? खोली बघण्याआधी हा हिशेब बघा

शहापूर, मुरबाडकडची बरीच मुलं-मुली आज पवईला कामाला आहेत. कोणी टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीला, कोणी हॉस्पिटलात, कोणी कॅन्टीनमध्ये कंत्राटावर, कोणी डिलिव्हरीला. त्यांच्या मोबाईलमधून फोटो गावात येतात. मागे हिरवे डोंगर, मध्ये तलाव, काठावर उंच इमारती. मग घरात विषय निघतो की एकट्या पोराने खोली करून राहण्यापेक्षा सगळं बिऱ्हाडच तिकडे का नेऊ नये? गावात भाताचं एकच पीक, पुढे आठ महिने हात रिकामे. प्रश्न चुकीचा नाही. पण फोटोत दिसते ती पवई आणि आपल्या खिशाला झेपते ती पवई यांत फार अंतर आहे, ते आधी कळलेलं बरं.

तलाव कसला आहे

पवई तलाव निसर्गाने केलेला नाही, बांध घालून केलेला आहे. इंग्रजांच्या काळात १८९० मध्ये त्याचं काम पूर्ण झालं, खर्च आला सुमारे १२ लाख ५९ हजार रुपये. बांधला होता मुंबईला पिण्याचं पाणी द्यायला, पण पाणी पिण्यालायक निघालं नाही. आज ते पाणी कारखान्यांना आणि आरे दुग्ध वसाहतीला पिण्याव्यतिरिक्तच्या कामासाठी जातं. तलाव पूर्ण भरला की त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी असतं आणि वरचं पाणी मिठी नदीत जातं. दर पावसाळ्यात 'पवई तलाव ओसंडला' अशी बातमी येते. त्यावरून मुंबईची पाण्याची चिंता मिटली असं समजू नका, त्याचा नळाशी काही संबंध नाही.

मग पवईत नळाला पाणी येतं कुठून? मुंबईला पिण्याचं पाणी सात जलाशयांतून मिळतं. त्यांतले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोनच मुंबईच्या हद्दीत, राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. दोन्ही मिळून एकूण साठ्याच्या जेमतेम अडीच टक्के. बाकी सगळं पाणी आपल्याकडच्या बाजूने जातं. सातही जलाशयांची क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर धरतात, त्यात एकट्या भातसाचा वाटा ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळपास निम्मा. तानसा, भातसा आपल्याच शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. म्हणजे इथला माणूस पवईला राहायला गेला की तिथल्या नळातून त्याला आपल्याच भागातलं पाणी प्यायला मिळणार. यावर हसावं की रडावं ते ज्याचं त्याने ठरवावं.

पण हेही मान्य केलं पाहिजे की घरात नाहीतर गल्लीत नळ असणं हा तिकडे जाण्याचा मोठा फायदा आहे. विशेष करून बायकांसाठी. ज्या बाईने मार्च ते जून डोक्यावर हंडे वाहिलेत तिला तलावाचा देखावा सांगू नका, नळ किती वाजता येतो ते सांगा. खोली बघताना हेच पहिलं विचारा. चाळीत आणि झोपडपट्टीत पाणी ठरलेल्या वेळेला येतं. टेकडीवर जितकं वर जाल तितका दाब कमी. मालक सांगेल 'भरपूर पाणी'. त्याला नाही, शेजारच्या बाईला विचारा, आणि शक्यतो पाण्याच्या वेळेलाच खोली बघायला जा.

काठ कोणाच्या वाट्याला

पवई हे नाव आता टॉवरसाठी प्रसिद्ध असलं तरी ही मुळात गावं. तिरंदाज, तुंगवा, पासपोली ही जुनी नावं अजून कागदोपत्री सापडतात. सरकारी हिशेबात हा भाग मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यात येतो. हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० ला वेगळा झाला आणि त्यात कुर्ला, अंधेरी, बोरिवली असे तीनच तालुके आहेत. तलावाच्या काठाला आयआयटी १९५८ मध्ये आली. टॉवरची वसाहत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

या टॉवरच्या जमिनीची गोष्ट आपल्या लोकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. १९८६ मध्ये राज्य सरकार, एमएमआरडीए आणि जमीनमालक-विकासक यांच्यात करार झाला. सुमारे २३० एकर जमीन नाममात्र दराने दिली गेली आणि अट अशी होती की तिथे परवडणारी, ४० आणि ८० चौरस मीटरची घरं बांधायची. उभ्या राहिल्या मोठ्या इमारती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये न्यायालयाने आधी ती छोटी घरं बांधा असा आदेश दिला. म्हणजे तलावाकाठी मध्यम आणि लहान उत्पन्नाच्या माणसाला जागा मिळावी हे कागदावर ठरलेलं होतं. आज त्या भागात एका बेडरूमचं भाडंसुद्धा सिक्युरिटीवाल्याच्या महिन्याच्या पगारात बसत नाही.

आपला माणूस राहतो तो तुंगा गाव, फुलेनगर, चैतन्यनगर, मिलिंदनगर, मोरारजीनगर अशा वस्त्यांत, नाहीतर चांदिवलीकडे संघर्षनगरच्या इमारतींत कोणाची तरी खोली भाड्याने घेऊन. काही ठिकाणांहून तलाव पाच मिनिटांवर आहे, पण खिडकीतून दिसते समोरची भिंत. देखाव्यासाठी जाणार असाल तर तो रविवारी संध्याकाळी काठावर फिरताना मिळेल. तो फुकट आहे आणि खरंच छान आहे.

भाडं विरुद्ध गाडी

इथे खरा हिशेब आहे. गावाहून रोज जाऊन-येऊन काम होतं का?

आसनगाव ते ठाणे हे रेल्वेने सुमारे ५२ किलोमीटर. पवईला जवळचं स्टेशन कांजूरमार्ग. पण कसारा-आसनगावच्या बऱ्याच गाड्या पुढे फास्ट होतात आणि कांजूरला थांबत नाहीत, म्हणजे ठाण्याला उतरून स्लो पकडायची. कांजूरहून पुढे बस किंवा शेअर रिक्षा, आणि सकाळच्या वेळेला लिंक रोडवर ती रांगत जाते. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० रुपये, एसीला १२ रुपये झालं आहे. गावातून आसनगाव स्टेशनला यायचा वेळ वेगळा. सगळं धरून एका बाजूला अडीच तास सहज जातात. दिवसाचे पाच, महिन्याच्या २६ दिवसांचे १३० तास. बारा तासांच्या ड्युटीवाल्याला हे जमतच नाही, म्हणून तो खोली करतो.

तर मग हिशेब असा करा. उदाहरणादाखल धरू की हातात पगार येतो १८,००० आणि चाळीतली खोली ७,००० ला मिळाली. लाईटबिल, गॅस, मोबाईल, रिक्षा-बस धरले तर ११,००० कुठेच जात नाहीत. उरलेल्या सातात चार माणसांचं खाणं. गावात तांदूळ घरचा, लाकूडफाटा आजूबाजूचा, भाजी परसातली असते, तिथे कोथिंबिरीची काडीसुद्धा विकत. म्हणजे एका पगारावर बिऱ्हाड नेलं तर ते कसंबसं तरंगतं, शिल्लक राहत नाही. दोन पगार असतील तरच चार पैसे मागे पडतात. घरातल्या बाईला टॉवरमध्ये घरकाम, स्वयंपाकाचं काम लागलं की चित्र बदलतं, आणि पवईत हे काम मिळतं हे खरं. पण लहान मूल असेल तर तिच्या कामाच्या वेळेत ते कोण सांभाळणार, हे जाण्याआधी ठरवा. गावात आजी असते, शेजार असतो. तिथे शेजारीणही कामाला गेलेली असते.

माझं मत विचाराल तर पवईची खोली तेव्हाच परवडते जेव्हा काम पायी चालत जाण्याइतकं जवळ असतं. काम अंधेरीला किंवा बीकेसीला असेल आणि कोणी म्हणालं 'पवईला राहा, छान आहे', तर ऐकू नका. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची कोंडी रोजची, आणि गणपती विसर्जनाच्या दिवशी तलावाच्या गणेश घाटामुळे तर रस्ता तासन् तास अडतो. त्याच रस्त्यावरून मेट्रो ६ होणार आहे, स्वामी समर्थ नगर ते विक्रोळी. तिचं काम सुरू आहे. 'मेट्रो येणार' म्हणून आज जास्त भाडं देऊ नका. मेट्रो आल्यावर मालक भाडं वाढवेलच, तेव्हा द्यायचंच आहे.

झोपडी विकत घेऊ नका

हे मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण यात लोकांचे पैसे बुडतात. गावची दोन गुंठे जमीन विकून, नाहीतर पतपेढीचं कर्ज काढून पाच-सात लाखाला 'खोली' विकत घेणारे आहेत. विकणारा सांगतो, एसआरए येणार, फ्लॅट मिळणार. कायदा काय आहे ते बघा. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला पुनर्वसनात मोफत घर. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकाला अडीच लाख रुपये भरून घर. २०११ नंतरच्या झोपडीला या योजनेत हक्क नाही. जुन्या तारखेची कागदपत्रं 'करून देतो' म्हणणारा माणूस तुम्हाला फौजदारी गुन्ह्यात अडकवतोय, हे ध्यानात ठेवा.

आणि झोपडी राहीलच असंही नाही. जून २०२४ मध्ये, पाऊस तोंडावर असताना, पवईतल्या जयभीमनगरमधल्या झोपड्या पाडल्या गेल्या. ते प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं, पण पावसाळा त्या लोकांनी उघड्यावर काढला.

डोंगरउतार हा दुसरा धोका. पवई, विक्रोळी, भांडुप, घाटकोपर या पट्ट्यात टेकड्यांवर वस्त्या चढल्या आहेत. १८ जुलै २०२१ च्या पहाटे विक्रोळीच्या सूर्यनगरात आणि चेंबूरला घरांवर दरड आणि भिंत कोसळून माणसं गेली. २६ जुलै २००५ ला साकीनाक्याला हेच झालं होतं. आपल्याला दरड नवी नाही, माळीण आपल्या डोंगरापलीकडेच आहे. खोली बघताना मागे कापलेला डोंगर किंवा जुनी दगडी भिंत असेल, भिंतीतून पाणी झिरपत असेल, तर भाडं हजाराने कमी असलं तरी ती सोडा. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक उतारांवर नोटिसा लावते. गल्लीच्या तोंडाशी तसा बोर्ड आहे का ते बघा.

पक्कं घरच घ्यायचं असेल तर म्हाडाची लॉटरी हा सरळ रस्ता आहे. मुंबई महानगर भागात वर्षाला ६ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट, १२ लाखांपर्यंत मध्यम गट. अर्ज ऑनलाइन, महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो. म्हाडा एजंट नेमत नाही. जो स्वतःला म्हाडाचा एजंट म्हणवतो त्याच्याकडे चहासुद्धा पिऊ नका.

तलावाजवळचं रोजचं जगणं

हवा बरी आहे का? आरे आणि राष्ट्रीय उद्यान शेजारी असल्याने झाडी आहे, रात्री थोडा गारवा जाणवतो. पण लिंक रोडची धूळ आणि धूर त्याच हवेत मिसळतात. तलावात सांडपाणी येतं, त्यामुळे जलपर्णी माजते. महापालिका ती काढते, ती पुन्हा येते. उन्हाळ्यात काही ठिकाणी वास येतो. पावसाळ्यात डास, म्हणून मलेरिया-डेंग्यूची भीती. मच्छरदाणी गावाहूनच घेऊन जा.

गावच्या पोरांना तळं दिसलं की उडी मारायची सवय असते. पवईत ते करू नका. या तलावात मगरी आहेत, मुंबईच्या भर वस्तीत असूनही. काठावर तसे फलकही आहेत. आरे आणि आयआयटीच्या बाजूला बिबट्याही फिरतो, लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नका. आपल्याला त्याचं फार नवल वाटायला नको.

तलावाला वळसा घालून सायकल ट्रॅक करायचं महापालिकेने काढलं होतं. आयआयटीतल्या एका संशोधक विद्यार्थ्याने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि ६ मे २०२२ ला न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवून काढायला लावलं. तलाव अजून तलाव राहिला आहे तो अशा भांडणांमुळे. आपल्याकडच्या तळ्यांत भराव पडताना आपण ग्रामसभेत किती बोलतो, हा विषय वेगळा.

दवाखान्याचं म्हणाल तर पवईत मोठं खासगी हॉस्पिटल आहे, पण ते आपल्या आवाक्यातलं नाही. महापालिकेचं मोठं रुग्णालय घाटकोपरचं राजावाडी. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून पेशंट पुढे पाठवला की अॅम्ब्युलन्समध्ये जे दोन तास जातात ते वाचतात, हा फायदा खरा आहे. घरात डायलिसिसचा किंवा हृदयाचा पेशंट असेल तर फक्त तेवढ्यासाठीसुद्धा उपनगरात राहणं योग्य ठरतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड सोबत ठेवा, ते तिथेही चालतं.

शाळेचं चित्र संमिश्र. महापालिकेची शाळा फुकट, पुस्तकं-गणवेशासकट. पण मराठी माध्यमाच्या शाळा कमी होत चालल्या आहेत, त्यामुळे खोलीजवळ कुठली शाळा आहे ते आधी बघा. मूल सातवी-आठवीत असेल तर मध्येच माध्यम बदलू नका. एक वर्ष थांबून, एप्रिल-मेमध्ये दाखला काढून मग न्या.

कागद गावचे, कागद तिकडचे

भाडेकरार तोंडी करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तो टाळत असेल तर त्यालाच दंड किंवा तुरुंग होऊ शकतो. करार नसताना वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नोंदणी ऑनलाइन होते, मनपा हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आणि वर मुद्रांक शुल्क. करार शक्यतो ११ महिन्यांचा असतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणंही गरजेचं. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावर टाका आणि आकडा करारात लिहून घ्या. खोली सोडताना 'रंगाचे पैसे कापले' हा ठरलेला वाद. ताबा घेताना भिंतींचा, नळांचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअॅप करून ठेवा.

रेशन तिकडे मिळतं. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे गावचंच कार्ड ठेवून पवईच्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. आधार सगळ्यांचं जोडलेलं हवं. काही माणसं गावात राहिली असतील तर दोन्हीकडे मिळून कोटा एकच, हे लक्षात ठेवा.

मतदान कार्डाची घाई करू नका. फॉर्म ८ भरून नाव हलवलं की ग्रामपंचायतीचं मत गेलं. ज्याची जमीन, घर, भाऊबंदकी गावात आहे त्याने निदान पहिलं वर्ष तरी थांबावं.

जातीचा दाखला मूळ गावच्या हिशेबानेच निघतो. मुंबईत जन्मलेल्या मुलालाही आजोबांचे पुरावे लागणार. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजाच्या कुटुंबांनी जाण्याआधी शाळेचे जुने दाखले, गाव नमुन्याच्या नकला काढून एका फाईलला लावाव्यात. दहा वर्षांनी जुनी रजिस्टरं कुरतडलेली सापडतात.

आणि शेती. ई-पीक पाहणी बांधावर उभं राहून करावी लागते, पवईतून होत नाही. ती राहिली की सातबारावर पीक लागत नाही आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते. शेत कसायला दिलं असेल तर अर्धलीने की खंडाने, कोणाला, किती वर्षांसाठी, ते घरातल्या चार माणसांसमोर लिहून ठेवा. आवणीला आठ दिवस गावी येता येईल का, हे नोकरी धरतानाच ठेकेदाराला विचारा. बरेच ठेकेदार तेवढ्यासाठी जागा भरून टाकतात.

तळंच हवं तर ठाणं काय वाईट

शेवटी एक गोष्ट. तलावाकाठचं शहर म्हणून पवईचाच हट्ट कशाला? ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात ते उगाच नाही. मासुंदा, उपवन, कचराळी असे तलाव आहेत, आणि मासुंद्याच्या काठाला कोपिनेश्वराचं मंदिर आहे. आसनगावची लोकल सरळ ठाण्याला येते, गाडी बदलायची नाही. जिल्हाही आपलाच, कलेक्टर कचेरी तिथेच. मुलुंडला काम असेल तर ठाण्याला किंवा कळव्याला राहून ते जमतं. ठाण्यातही भाडी चढलीच आहेत, पण कल्याणकडे सरकत गेलं की कमी होत जातात आणि गावचं अंतरही कमी होतं.

जायचं ठरलंच असेल तर बिऱ्हाड एकदम हलवू नका. कमावता माणूस आधी तीन-चार महिने कॉट बेसिसवर राहू द्या, त्यात एक पावसाळ्याचा महिना आला पाहिजे. चाळ गळते की नाही, गल्लीत पाणी भरतं की नाही, पगार वेळेवर होतो की नाही, हे जुलैत कळतं. तोवर गावच्या घराला कुलूप लावू नका आणि बैल विकू नका.